सव्वाचारची लाईन

कळंबा, कोल्हापूर
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

ती. पंचाक्षरी मामांस शरणार्थी.

मागच्या पत्रात मी तुम्हाला दोन चुकीच्या गोष्टी कळवल्या. आधी त्या दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आपलं इंटरनेट संध्याकाळी तुटतं, कारण तेव्हा गल्लीतले सगळेच वापरत असतात. तसं नाही. आणि लिहिलं होतं की लायनमन बाळासो याने खांबावरचा जोड नीट केला नाही. त्याला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. शेजारच्या अंबूबाई तसं म्हणाल्या आणि मी ते माझं म्हणून लिहून टाकलं.

लहानपणी दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आणि तुम्ही मला घरीच, टेलिफोन एक्स्चेंजच्या रद्द झालेल्या रजिस्टरांच्या कोऱ्या बाजूवर शिकवलंत. चुकलेली नोंद गिरगटायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारून खाली खरी नोंद तारखेसह लिहायची, हे तेव्हाच अंगात भिनलंय. म्हणून हे सगळं.

खरी नोंद अशी. लाईन कधी तुटली, वेग किती होता, हे मोडेममध्ये साठवलेलं असतं, कॉम्प्युटरवर बघता येतं. मी अकरा दिवसांच्या वेळा वहीत उतरवल्या. रोज दुपारी सव्वाचारच्या सुमारास लाईन तुटते, दोन-तीन मिनिटांनी परत येते. मग साधारण अर्ध्या तासाने पुन्हा एकदा तुटते. दिवाळीतसुद्धा सुट्टी नाही, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही सव्वाचारलाच. फक्त दोन्ही शुक्रवार कोरे आहेत. तुटत नाही तेव्हाही वेग पाच एमबीच्या वर जात नाही. एक्स्चेंज आपल्यापासून दोन किलोमीटरवर. एवढ्या अंतरावर तांब्याच्या तारेतून बारा तरी यायला पाहिजे, असं बाळासो म्हणतो.

माझं काम तुम्हाला अर्धवटच सांगितलंय. मी घरून रुग्णालयांसाठी फोन घेते. कुठून कुठून माणसं तपासणीची वेळ मागायला फोन करतात, बहुतेक वयस्कर. सगळं बोलणं इंटरनेटवरून चालतं. परवा बार्शीचे एक आजोबा बायकोचं वय सांगत होते, 'अडुसष्ट' म्हणाले आणि लाईन गेली. ते परत लागले नाहीत. अशा माणसांना वाटतं आपणच चुकीचं बटण दाबलं.

सोमवारी एक डिसेंबरला कंपनी दिवसभर माझी लाईन तपासणार आहे. वेग आठच्या खाली गेला किंवा दोनदा तुटली, तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. अव्वाचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, तेवढंच. तिला टाकून मी पुण्याला जाऊ शकत नाही, आणि दुसरं काम घरबसल्या मिळायला मला आठ महिने लागले होते. फायबर आपल्या गल्लीत येत नाही. रस्ता नुकताच काँक्रीटचा झालाय, तो उकरायला परवानगी नाही.

बाळासोविरुद्ध मी टेलिफोनच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली होती. सोमवारी जाऊन मागे घेतली. तिथले साहेब म्हणाले, "अहो, आम्ही त्याला झापून मोकळे झालो. आता मागे घेऊन काय उपयोग?" तरी लिहून दिलं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच विचारते. रोज सव्वाचारला, शुक्रवार सोडून, कुठली लाईन तुटते?

तुमची
दानेश्वरी


गडहिंग्लज
रविवार, २ नोव्हेंबर

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. वेळा उतरवून ठेवल्यास हे बरं केलंस. तक्रार मागे घेतलीस हे जास्त बरं केलंस. खांबावर चढलेल्या माणसाला खालून नावं ठेवायला काही लागत नाही.

तू विचारलंस त्याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. क्रमाने बघ. पुढच्या भिंतीवर डबी आहे ती उघड. आत हिरवट गंज असला तर तारेची टोकं छाटून नवी कर. तारेला कुठे मुंग्यांनी घर केलंय का बघ. खाली तुझ्या आईजवळ, दानम्माजवळ फोन आहे, त्याच्या आधी ती छोटी फिल्टरची डबी लावली आहे ना? नसली तर रिसीव्हर उचलला की मोडेम बिचकतो. माझ्या शेवटच्या वर्षांत हे ब्रॉडबँड आलं, तेव्हा निम्म्या तक्रारी त्या डबीच्याच होत्या.

हे सगळं पुढच्या बाजूनेच होईल. गच्चीवर मागच्या अंगाला जाऊ नकोस. तिकडचा कठडा मी होतो तेव्हापासून हलतो.

आणि सव्वाचार ते पाच चहाची सुट्टी मागून घेता येत नाही का? एवढ्यासाठी जीव आटवू नकोस. दानम्माला त्रास देऊ नकोस. तिला विचारून काही कळणार नाही, तिला तारेतलं काय कळतं.

माझे गुडघे तसेच आहेत. सूनबाई पूर्णिमा दोन वेळचं करून घालते, पण तिने काही विचारलं की मी भलतंच उत्तर देतो आणि ती हसते. मीही हसतो. काय विचारलं ते मात्र कळत नाही.

मामा


कळंबा
शनिवार, ८ नोव्हेंबर

ती. मामांस शरणार्थी.

डबी उघडली. गंज नव्हता, तरी टोकं छाटली. मुंग्या नाहीत. फिल्टर आहे, अव्वाच्या फोनला बरोबर लावलेला आहे. वेग पाचवरून पाच पूर्णांक दोनवर गेला. चहाची सुट्टी मिळत नाही. आमची जेवणाची तीस मिनिटं ठरलेली असतात आणि एरवी उठलं की नोंद होते.

मग मी बाळासोला बोलावलं. बोलावताना लाज वाटत होती. तो आला तो दारातूनच म्हणाला, "तक्रारवाल्या ताई तुमीच न्हवं का?" मी माफी मागायला लागले तर म्हणाला, "आदी च्या टाका, माफीचं मग बघू."

चहा पिऊन त्याने पुढच्या डबीला आपलं यंत्र लावलं, आकडे बघितले, पुन्हा लावलं. मग मला म्हणाला, "ताई, तुमची तार एक न्हाय. हितनं मधनंच एक फांदी फुटल्या. कुटं जात्या?" मला माहीत नव्हतं. तो शिडी घेऊन गच्चीवर गेला, मागच्या बाजूला. मी खाली थांबले, कारण तुम्ही लिहिलं होतं. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, म्हणून गेले.

पाण्याच्या टाकीमागे, नळाच्या पाइपला चिकटून, एक जोड आहे. वरून रबराची पट्टी, तिच्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळलेला. बाळासोने तो उकलला आणि आतल्या तारेवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "तीस वरसं तरी पावसात हाय ह्यो. आन आत बघा, तांबं कसं पिवळंधमक ऱ्हायलंय. आमच्यात आता असा जोड कुनाला येत न्हाय." आणि पुन्हा तसाच बांधत म्हणाला, "मानूस हाताचा पक्का हुता. पर काम चोरीचं हाय, ताई. तुमच्यात कोन लायनमन हुतं का?"

मी म्हणाले, माझे मामा. तो हसला नाही. "मग त्येंनाच इचारा. म्या तोडत न्हाय," एवढं म्हणून शिडी घेऊन गेला.

त्या जोडापासून तार मागच्या भिंतीवरून, शेवग्याच्या झाडातून, थेट पाठीमागच्या सुलतानबी खालांच्या खिडकीत जाते.

मामा, तो कठडा पक्का आहे. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तुम्ही मला मागे जाऊ नकोस असं का लिहिलंत? मला तुमच्यावर रागवायचं नाहीये. पण तपासणीला तेवीस दिवस राहिलेत आणि मला आता कशाचाच अंदाज राहिलेला नाही. खरं काय ते लिहा.

दानेश्वरी


गडहिंग्लज
बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

जोड माझाच आहे.

साल शहाण्णव. तेव्हा फोनसाठी अर्ज केला की चार-पाच वर्षं नंबर यायचा नाही. खात्यातला माणूस घरात म्हणून आपल्याकडे फोन होता. गल्लीतल्या अर्ध्या घरांनी आपला नंबर स्वतःच्या कार्डांवर, लग्नपत्रिकांवर 'पीपी' म्हणून छापलेला होता. शेजाऱ्याचा फोन, त्यावर निरोप. फोन आला की दानम्मा धावत जाऊन त्या माणसाला बोलावून आणायची.

सुलतानबीभाबींचा शहजाद त्या वर्षी आखाती देशात गेला, बावीस वर्षांचा. भाबींचे मालक दिलदारभाई तेव्हा होते. पंधरा दिवसांतून एकदा शहजादचा फोन आपल्याकडे यायचा. भाबींचं घर पाठीमागे असलं तरी दार पलीकडच्या गल्लीत. दानम्मा वळसा घालून जायची, भाबी स्वयंपाकातून हात पुसत यायच्या, तोवर तिकडून तो ठेवून द्यायचा. त्याला मिनिटामिनिटाचं बघावं लागायचं. तीन वेळा असं झालं. तिसऱ्यांदा भाबी आपल्या पायरीवर बसल्या आणि रिसीव्हर कानाला लावून तसाच धरून राहिल्या. त्यात नुसता टोन होता.

दुसऱ्या रविवारी मी तार ओढली. एका लाईनवर दोन घरं. घंटा दोन्हीकडे वाजायची. हे उघडकीला आलं असतं तर मी निलंबित झालो असतो, कदाचित घरीच बसलो असतो. दानम्माला आणि भाबींना मी शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. तुझ्या आप्पांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. बिचारे गेले, तरी त्यांना माहीत नव्हतं.

बोलण्यापुरती अशी फांदी चालते. ब्रॉडबँडला चालत नाही. पाटाला एक आंधळी चारी काढावी तसं आहे. पाणी चारीत शिरतं, टोकाला जाऊन आपटतं आणि मागे फिरून पाटातलंच पाणी ढवळतं. बाराचे पाच होतात ते त्याने. आणि तिकडच्या फोनला फिल्टर नाही. तो कुणी उचलला की तुझा मोडेम पडतो, ठेवला की पुन्हा पडतो. मला हे तुझ्या त्या वेळांच्या पत्रातच कळलं होतं. तुला वेळा बरोबर टिपायला मीच शिकवलंय, त्याचीच भीती वाटली.

आता तोड. पक्कड घे, फांदीच्या दोन्ही तारा जोडापाशी काप, टोकांना वेगवेगळी पट्टी गुंडाळ. दोन मिनिटांचं काम. शहजादचा फोन आता मोबाईलवर येत असणार. तिकडे ते जुनं यंत्र कुणीतरी चाळा म्हणून उचलत असेल. कुणाला काही सांगायची गरज नाही. लाईन बंद पडली असं समजतील. जुन्या लाईनी बंदच पडतात.

मामा


कळंबा
सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. मामांस शरणार्थी.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. तिसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते. मी पक्कड घेऊन गच्चीवर गेले, तारा बोटात धरल्या. मग वाटलं, कापण्याआधी एकदा खरंच तसंच होतं का ते पाहावं, नाहीतर उगाच कापल्यासारखं होईल. म्हणून सव्वाचारची वाट पाहिली. मोडेम पडला तेव्हा मी जिन्यातून खाली आले. अव्वाला वाटलं असेल मी रोजच्यासारखी वर हेडफोनने कान झाकून बसलेय.

तुम्ही लिहिलंय कुणी चाळा म्हणून उचलत असेल. तसं नाही, मामा.

अव्वाच्या हातात रिसीव्हर होता. तिने एक आकडा दाबला, टोन थांबला. मग तिने रिसीव्हर उशीखाली दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. रिसीव्हर नुसता उचलून ठेवला की एक्स्चेंज ओरडतं, तसा बारीक आवाज उशीतून येत होता. तो थांबल्यावर तिने रिसीव्हर काढून कानाला लावला आणि म्हणाली, "भाबी, हायसा न्हवं?"

त्या दोघी एकमेकींशी बोलतात. एकाच लाईनवरचे दोन फोन उचलले की आपसात बोलता येतं, हे त्यांना कधी कळलं देव जाणे. खाला तिकडे घंटा न वाजता बरोबर सव्वाचारला उचलतात, त्यांनीही तो ओरडा उशीखाली दाबलेला असतो. शुक्रवारी त्यांची मुलगी नुजहत आपा आईचे केस धुवायला सासरहून येते, म्हणून शुक्रवारी नाही.

मी जिन्यातच उभी राहिले. उभं राहायला नको होतं. आधी भाजी काय केली ते झालं, मग अंबूबाईंच्या सुनेचं. मग खालांनी माझं काहीतरी विचारलं असावं. अव्वा म्हणाली, "वर बसल्या. दिसभर परक्या म्हाताऱ्यांसंगं ग्वाड बोलती, भाबी. 'आजोबा, सावकाश सांगा, आजोबा, घाई न्हाय.' खाली आली की तिच्यात बोलायला जीवच ऱ्हात न्हाय. ताट ठेवती आन बसती. मी बी काय बोलत न्हाय. दमल्या पोरीला काय बोलायचं."

हे खरं आहे. मी दिवसाला साठ-सत्तर फोन घेते. संध्याकाळी घरात कुणी काही विचारलं की मला पुन्हा फोन लागल्यासारखं वाटतं.

त्यांचं झाल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती आधी भ्यायली, मग म्हणाली, "तुज्या मामाला कळवू नगंस. त्येची नोकरी जाईल."

मी म्हणाले, "अव्वा, मामा रिटायर होऊन अकरा वर्षं झाली."

"पेन्शन तर हाय की," ती म्हणाली. "काय तरी काडून बंद केली म्हंजी?"

एकोणतीस वर्षं त्या दोघींनी तुमची शपथ पाळली. मी जन्मायच्या आधीपासून. तुम्ही ती सोडवायची विसरलात.

मी तिला तपासणीचं सगळं सांगितलं. तोपर्यंत तिला माहीतच नव्हतं, कारण मी काळजी नको म्हणून बोलले नव्हते. त्यांच्या बोलण्यामुळे तिकडे माणसांचे फोन तुटतात हे ऐकून तिने उशी बाजूला सारली. मग म्हणाली, "तोड. मी भाबीला सांगती." मी मोबाईलचं सुचवलं. खालांनी करून पाहिलाय म्हणे. गाल लागला की फोन कट होतो, आणि ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला की घरभर जातं. मी रिक्षाने अव्वाला तिकडे नेते म्हणाले. त्यावर म्हणाली, "तितं चार मानसं असत्यात. जाऊन बसता येतंय, बोलता येत न्हाय." दोघींच्या खिडक्यांमध्ये चाळीस फूट अंतर आहे, पण अव्वा वॉकरवर, खाला पलंगावर, आणि दोन वर्षांत त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

काल रविवारीही सव्वाचारला तुटली. आजही. तिने सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही.

न सांगता मी तोडणार नाही. खाला रोज रिसीव्हर उचलून उशीखाली धरतील, मग कानाला लावतील, आणि त्यांना वाटेल इकडे अव्वाने उचलला नाही. लाईन मेली असं त्या समजणार नाहीत. त्या समजतील, दानम्मा बोलेनाशी झाली.

दानेश्वरी


गडहिंग्लज
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शपथेचं खरं आहे. मला ते सुचलंच नाही. रिटायर झालो त्या दिवशी नारळ घेऊन घरी आलो, फोटो काढले, आणि विसरलो.

दानम्माला मी वेगळं पत्र टाकलंय. पेन्शनला काही होत नाही असं त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय.

आता ऐक. खांबावर काम करताना आम्ही दोघं लायनमन दोन टोकांना असलो आणि मधली तार मेलेली असली, तर बोलायला बॅटरी लावायचो. तसंच कर. फांदी लाईनपासून तोड. दानम्माचा फोनही लाईनवरून काढ. मग दानम्माचा फोन, ती मागची तार आणि भाबींचा फोन यांचा एकच वेगळा फेरा होतो. त्यात मध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाल. दोघींनी उचललं की बोलणं सुरू होईल. टोन नाही, ओरडा नाही. बाहेरची लाईन नुसती तुझ्या मोडेमची राहील.

यात दोन गोष्टी जातील. घंटा वाजणार नाही. आणि आपल्या नंबरावर कुणाचा फोन आला तरी उचलायला यंत्र नसेल. आवाजही पूर्वीएवढा मोठा येणार नाही, एवढं नक्की. भाबींचे कान कसे आहेत मला माहीत नाही. माझ्यासारखे असले तर उपयोग नाही.

आधी टेबलावर दोन यंत्रं जोडून बघ. तार तोडायला बाळासोलाच बोलाव, तुझ्या हाताला सवय नाही. त्याला माझा नमस्कार सांग. जोडाबद्दल जे बोलला ते दोन्ही बरोबर आहे.

भाबींना सांगायला खरं तर मी यायला पाहिजे. गुडघ्यांचं सोड, एस.टी.ने आलो असतो. पण मी सांगितलं आणि त्या काही बोलल्या, तर मला ते ऐकू येणार नाही. मी मान हलवत बसेन. ते बरं नाही. दानम्मा सांगणार नाही, मी तिला ओळखतो. तेव्हा तूच.

मामा


कळंबा
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. मामांस शरणार्थी.

अव्वाने तुमचं पत्र वाचून घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलंय. फक्त म्हणाली, "अक्षर थरथरतंय की गं त्येचं."

काल माळ्यावरून जुना फोन काढला आणि बॅटरी लावून बघितली. एक यंत्र अव्वाजवळ, एक वरच्या खोलीत, मध्ये जिन्यातून तार. एका बॅटरीवर आवाज फार बारीक होता. दोन लावल्या तेव्हा नीट आला. मी वरून 'अव्वा' म्हणाले. ती खालून म्हणाली, "बोल की." मग मी तिला तो बार्शीच्या आजोबांचा फोन सांगितला, बायकोचं वय सांगताना तुटलेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?" मला माहीत नाही म्हणाले. असं आम्ही वीस मिनिटं बोललो. खाली गेल्यावर पुन्हा दोघी गप्प.

बाळासो शनिवारी सकाळी येतो म्हणालाय. तुमचा नमस्कार सांगितला तर त्याने कानाला हात लावला आणि म्हणाला, "त्येंच्या जोडाला पक्कड लावायची म्हंजी जिवावरच येतंय." मी त्याला स्पष्ट सांगितलंय की खाला नको म्हणाल्या तर त्याने शिडी आणायची नाही. तसं झालं तर मी शनिवारीच कंपनीला कळवेन की माझी लाईन तपासण्यासारखी नाही. सोमवारची वाट बघून त्यांना फसवल्यासारखं करणार नाही. पुढचं पुढे. मला या विचाराने गेले चार दिवस जेवण जात नाही, पण ठरलंय.

अव्वाने अजून खालांना सांगितलेलं नाही. रोज सव्वाचारला मोडेम पडतो तेव्हा कळतं.

मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. एकदा आफशीन, त्यांची नात, भांडी घासत होती. तिने विचारलं, "दीदी, काही हवं होतं?" मी कोथिंबीर मागितली आणि घेऊन परत आले. दुसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही. आमच्याकडे फोनवर वाईट बातमी कशी सांगायची याचं लिहून दिलेलं असतं, वाक्यावाक्यानं. ते मला पाठ आहे. इथे त्यातलं एकही वाक्य चालणार नाही.

शुक्रवारी जायचं मनात होतं, पण त्या दिवशी नुजहत आपा असते, घर भरलेलं असतं. आणि मी एकटीने खालांना सांगितलं तर अव्वाला वाटेल तिच्या पाठीमागे सांगितलं, आणि खालांना वाटेल दानम्माला बोलायचं नव्हतं म्हणून पोरीला पाठवलं. म्हणून त्या दोघी बोलत असताना मी खालांच्या पलंगापाशी जाऊन बसेन. त्यांच्या हातातल्या रिसीव्हरजवळ तोंड नेऊन दोघींना एकदमच सांगेन. म्हणजे अव्वालाही ऐकू जाईल, आणि खाला जे म्हणतील तेही तिला त्याच वेळी कळेल. कंपनीकडून अर्ध्या दिवसाची रजा मी आजच मागून घेतली आहे. कारण 'घरगुती' लिहिलंय.

हे पत्र तुमच्या हातात पडेल त्याच दिवशी बहुतेक मी तिथे असेन. गुरुवारी, सत्तावीस नोव्हेंबरला, सव्वाचार वाजता.

तुमची
दानेश्वरी